पंजावरची गाठ : कुसळ असू शकतं

कुत्र्याच्या पंजावर गाठ आली की 'हळद-तेल लावा, आठ दिवसांत गाठ बसेल' असं काही जण सांगतात, ते मला पटत नाही. लावलेलं सगळं कुत्रं चाटून टाकतं, आणि चाटून चाटून बोटांमधली कातडी ओली राहून आणखी सुजते. आमच्या लॅब्राडॉरला गेल्या दिवाळीच्या सुमारास पुढच्या पंजात दोन बोटांच्या मध्ये वाटाण्याएवढी लालसर गाठ आली होती. फुटायची, पाणी यायचं, बसायची, पुन्हा यायची. शेवटी डॉक्टरांनी भूल देऊन उघडली, तर आत कुसळ! आम्ही रोज पुण्यातल्या वेताळ टेकडीवर त्याला फिरायला नेतो. पावसाळा संपला की तिथलं गवत वाळतं, त्याची कुसळं केसांत अडकून कातडीत शिरतात. त्यांची ठेवणच अशी की पुढे सरकतात, मागे येत नाहीत. म्हणून घरी पिळून काही निघत नाही, उलट आत जातं. आता फिरून आल्यावर मी प्रत्येक बोट फाकवून बघते.

पण प्रत्येक गाठ कुसळाचीच असेल असं नाही. कुत्रं वयस्क असेल, गाठ टणक असेल किंवा वाढत असेल, तर सुईने पेशी काढून तपासायला सांगाच. मास्ट सेल नावाच्या कातडीतल्या पेशींचा कर्करोग दिसायला साध्या फोडासारखा असू शकतो. आणि कृपा करून आपल्या घरातली आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल देऊ नका, कुत्र्यांना त्यातून विषबाधा होऊ शकते.