मदत हवी आहे: मेंदूत रक्तस्राव, आणि त्यामागे निघाली साधी गाठ

मंडळी, आम्ही डिचोलीचे. चतुर्थीची माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची आरास) बांधताना मामांचं डोकं अचानक असह्य दुखू लागलं, ओकाऱ्या झाल्या, उजवा हात लुळा पडला. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव. बीपी जुनंच, म्हणून सगळ्यांनी त्यालाच धरलं. पुढे कॉन्ट्रास्ट (गाठ ठळक दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन एमआरआय केला, तेव्हा रक्ताआड लपलेला मेनिन्जिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातली गाठ, दिसला. ही गाठ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते, सावकाश वाढते; रक्तस्रावानेच तिचा पत्ता लागणं दुर्मीळ, असं डॉक्टर म्हणतात. (दुर्मीळ ते नेमकं आमच्याच वाट्याला!)

कोणाच्या घरी असं झालंय का? ऑपरेशन लगेच केलं की सूज उतरेपर्यंत थांबलात? मामांना स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) आहे, त्यासाठीची रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन सध्या बंद ठेवलीय. ती पुन्हा कधी आणि कोणाच्या सल्ल्याने सुरू झाली, हे मला सर्वांत जास्त हवंय. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्यूरोसर्जरीच्या ओपीडीला लवकर नंबर लागायला कधी जावं? दीनदयाळ स्वास्थ्य सेवा (गोवा सरकारची आरोग्य विमा योजना) कार्ड आहे, खासगीत गेलो तर त्याचा कितपत उपयोग होतो?

झाडपाल्याचे उपाय कृपया नकोत. मामी आधीच दहा जणांचं ऐकून घाबरलीय.