अनुभव धागा : घरालगत पाळलेल्या डुकरांची हालचाल आणि त्यांचे स्वभाव

गाय, शेळी, कोंबडी यांच्या स्वभावाविषयी आपल्याकडे घरोघरी बोलले जाते, पण डुकराविषयीचे बोलणे वजन, खाद्य आणि बाजारभाव यांच्या पुढे सहसा जात नाही. दोन-चार, फार तर दहा डुकरे घरालगत पाळणाऱ्यांनी किंवा लहानपणी ती जवळून पाहिलेल्यांनी आपापले अनुभव येथे सविस्तर लिहावेत, अशी विनंती आहे. कोणते जनावर दिवसाकाठी किती हालते, कशाने बिथरते, कशाने शांत होते आणि एकाच वेतातील दोन पिल्लांत किती फरक असतो, हे वाचायला मिळावे, एवढीच इच्छा आहे.

सुरुवात मी करतो. सातारा जिल्ह्यात माझ्याकडे ४ यॉर्कशायर डुकरे आहेत आणि त्यांपैकी दोन माद्या एकाच वेतातील बहिणी आहेत. पहिले वर्षभर दोघी सिमेंटच्या कोब्यावर होत्या. एक सारा दिवस भिंतीला पाठ लावून पडून असायची आणि दुसरी दाराची कडी तोंडात धरून तासन्‌तास खडखडवत राहायची, त्यामुळे एकीला आळशी आणि दुसरीला उपद्रवी ठरवून मी मोकळा झालो होतो. पावसाळा सरल्यावर गोठ्यामागची अर्धा गुंठा कच्ची जमीन कुंपण घालून जोडली, तेव्हा सर्वांत आधी बाहेर पडली ती ‘आळशी’ बहीण. तिने नाकाड मातीत खुपसले आणि मान वर न करता हातभर लांबीचा चर काढला. उकरलेल्या मातीतून लव्हाळ्याच्या हरभऱ्याएवढ्या गाठी ती एकेक करून वेचत होती. खडा तोंडात आला तर ओठाच्या कडेने बाहेर सोडत होती आणि तेवढा वेळ तिचे शेपूट अखंड हालत होते. दुसरीने त्या आठवड्यानंतर कडीला तोंड लावलेले मी पाहिले नाही.

स्कॉटलंडमध्ये अ‍ॅलेक्स स्टोल्बा आणि डेव्हिड वुड-गश या संशोधकांनी पाळीव डुकरे झाडी व गवत असलेल्या मोकळ्या कुंपणात ठेवून त्यांचा दिवस नोंदवला होता, आणि उजेडाच्या वेळेपैकी निम्म्याहून अधिक वेळ ती चरण्यात आणि जमीन उकरण्यातच घालवतात, असे त्यांना आढळले. हे मी आधी वाचले असते, तर त्या बहिणींचे एक वर्ष वाया गेले नसते.

वसईहून

आमच्या वाडीत विहिरीच्या पलीकडे डुकरांचे खोपटे होते आणि त्यांचे सारे आजीच पाहत असे. तांदळाचा कोंडा, चिरलेला केळीचा गाभा आणि पेज असे त्यांचे खाणे असे. डुकरीण तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांनी विते, हा हिशेब आजीला पाठ होता, तरी तिचा खरा भरवसा डुकरिणीच्या वागण्यावर असे. एरवी संथ असलेली आमची थोराड काळी डुकरीण विण्याच्या आदल्या दिवशी जराही बसत नसे. वाडीभर फिरून केळीची वाळलेली पाने तोंडात धरून आणी, कोपऱ्यात रचून ठेवी, पायांनी सारखी करी आणि पुन्हा आणायला जाई. तिच्या वाटेत तेव्हा कोणी उभे राहिलेले तिला खपत नसे. आजी मुद्दाम वाळक्या पानांचा ढीग दाराशी ठेवी आणि आम्हा मुलांना दूर बसवी.

पिल्ले जन्मली की दोन-तीन दिवस सडांसाठी झोंबाझोंबी चाले आणि त्यानंतर प्रत्येकाचा सड ठरून जाई. पुढच्या सडांना दूध अधिक असते, त्यामुळे दांडगी पिल्ले पुढे आणि दुबळी मागे, असा क्रम लागतो. मात्र सडाच्या जागेवरून स्वभाव सांगता येत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. एका वेतातील सर्वांत मागच्या सडावरचे, सर्वांत लहान पिल्लू खोपट्याबाहेर पहिले पडले. विहिरीच्या काठापर्यंत जाऊन ते आमच्या चपला हुंगून परत आले, तोवर पुढच्या सडांवरची पिल्ले आईच्या पाठीआडून पाहत होती.

सोलापूर जिल्ह्यातून

आम्ही कैकाडी समाजाचे. आमच्याकडे गावठी काळी डुकरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ती सकाळी सुटत, दिवसभर कित्येक मैल चालत आणि संध्याकाळी आजीने पत्र्याचा डबा वाजवून हाक मारली की ओढ्याकडून धावत येत. दुसऱ्या घरची डुकरेही त्याच ओढ्यात असत, पण आमची आमच्याच डब्याला येत. पुढे नेहमी एकच म्हातारी मादी असे आणि ती थबकली की सगळा कळप थबके. एकदा ती वाटेत उभी राहिली आणि काही केल्या पुढे येईना. आजीने जाऊन पाहिले, तर एक पिल्लू मागे नालीत अडकलेले होते.

लोकांनी या जनावराला घाण म्हटले, ते आम्हाला फार लागते. गावाने उघड्यावर टाकले तेच ते खात होते. त्याला जागा दिली, तर निजण्याच्या ठिकाणापासून दूर एकच कोपरा ते हगण्यासाठी ठरवते. उघड्यावरची माणसाची विष्ठा खाल्ल्याने डुकरांत शिरणाऱ्या पट्टकृमी या जंताचा धोका समजल्यापासून मी डुकरे मोकाट सोडत नाही. परंतु बंदिस्त केल्यावर पहिल्याच महिन्यात तरुण नर एकमेकांची शेपटे चावू लागले. तेव्हापासून रोज सकाळी वाड्यातील मातीत मूठ-दोन मूठ भुईमुगाच्या शेंगा पुरतो आणि कडब्याची एक पेंढी सोडून टाकतो. दोन मूठ शेंगांनी पोट भरत नाही, पण त्या शोधण्यात अर्धा दिवस जातो आणि शेपटे शाबूत राहतात.

काणकोण, गोवा

एवढेच सांगतो की, दुपारी पडून राहणाऱ्या डुकराला आळशी म्हणू नये. त्याला माणसासारखा घाम येत नाही; चिखल हेच त्याचे थंड होण्याचे साधन आहे आणि अंगावर वाळलेला चिखल त्याला उन्हापासूनही जपतो. आमची लहान चणीची गावठी डुकरे पहाटे आणि तिन्हीसांजेला जितकी पळतात, तितकी मेमधील दुपारी पळाली तर जिवाला मुकतील.

वेल्समधून

मी मूळची नाशिकची. येथे आमच्या दोन एकरांत एक तांबडी टॅमवर्थ आणि दोन कुनेकुने आहेत. कुनेकुने ही न्यूझीलंडची, माओरी लोकांनी सांभाळलेली जात. नावाचा अर्थच ‘गोलमटोल’. ती बहुतेक गवतावर राहतात आणि माझ्या मुलीच्या मांडीवर मान टाकून झोपतात. टॅमवर्थ अगदी वेगळी आहे. जानेवारी १९९८ मध्ये इंग्लंडमध्ये कत्तलखान्यातून पळालेल्या आणि नदी पोहून गेलेल्या दोन डुकरांची बातमी जगभर गेली होती, तीही टॅमवर्थच्याच रक्ताची होती. आमची मादी रोज सकाळी विजेच्या कुंपणापाशी जाते, नाकाड तारेपासून चार बोटांवर थांबवून उभी राहते आणि मग वळते. एकदा वीज गेली आणि तासाभरात ती शेजाऱ्यांच्या बटाट्यांत होती. तरीही सगळे जातीवर सोपवू नये, असे मला वाटते, कारण दोन कुनेकुनेंपैकी एक अनोळखी माणसाला सामोरी जाते आणि दुसरी सहा महिन्यांनंतरही टपालवाल्याला पाहून दडते.

पशुवैद्यक, पुणे जिल्हा

नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९० च्या दशकात लहान पिल्लांना क्षणभर उताणे धरून ती किती वेळा धडपडतात, हे मोजले होते. काही पिल्ले सतत झुंजतात, तर काही निपचित राहतात. निपचित राहणारे पिल्लू मंद असते असे नाही. संकटाला तोंड देण्याची त्याची रीतच वेगळी असते. म्हणून मी पाळणाऱ्यांना सांगतो की आपल्या प्रत्येक डुकराची रोजची रीत लक्षात ठेवा, कारण आजार आधी त्या रीतीत दिसतो.

मागच्या वर्षी एका ताईंचा सकाळीच फोन आला. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, आज तिने बादली उलथवली नाही.” खाद्य घातले की ती पांढरी डुकरीण न चुकता पाण्याची बादली नाकाडाने पालथी करायची आणि ताईंनी त्याबद्दल तिला वर्षभर बोल लावले होते. त्या दिवशी तिने खाद्य थोडे खाल्लेही होते, त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या हे लक्षात आले नसते. मी पोहोचलो तेव्हा तिचा ताप १०६ अंश फॅरनहाइट होता आणि पाठीवर चौकोनी लालसर चट्टे नुकते उमटू लागले होते. तो एरिसिपेलास, म्हणजे जिवाणूंमुळे डुकरांना होणारा आजार होता आणि पेनिसिलीन वेळेवर मिळाले. चौथ्या दिवशी ताईंनी पालथ्या बादलीचा फोटो पाठवला.