शब्द होते, अर्थ भलतीकडे गेले
'नागरिक'ला स्त्रीलिंगी रूप नाही कारण तशी गरजच कुणाला पडली नाही, असं एक म्हणणं वाचलं; ते अर्धंच पटलं. शब्द होते की! संस्कृतात 'नागरी' म्हणजे शहरातली बाई, पण वापर बराचसा 'चतुर, बनेल बाई' असाच. मेघदूतात उज्जयिनीच्या 'पौरांगना' येतात, त्या विजेच्या लखलखाटाने दचकलेल्या डोळ्यांच्या; ते डोळे पाहिले नाहीस तर फसलास, असं यक्ष ढगाला बजावतो. 'नगरवधू' म्हणजे तर गणिकाच, त्याबद्दल बोलायलाच नको. आणि हे शहरापुरतं नाही. कुणबी म्हणजे शेतकरी, पण पेशवाईच्या कागदांत 'कुणबीण' म्हणजे चक्क दासी, जिची खरेदी-विक्री व्हायची.

आमच्या खानदेशात वेगळीच तऱ्हा. अहिराणीत गावाच्या नावाला षष्ठीचा 'नी' लावला की झालं. माझी आजी अमळनेरची, लग्न होऊन धरणगावजवळच्या खेड्यात आली. गल्लीत ती शेवटपर्यंत 'अमयनेरनी' (ळ चा य आमच्याकडे आपोआप होतो). भांडीवाल्यापासून चुलतसुनांपर्यंत सगळे तेच म्हणायचे, खरं नाव निम्म्या गल्लीला माहीत नसावं. गंमत म्हणजे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेली की ओट्यावरून हाक यायची, "धरणगाववाली उनी वं!" (आली गं!) जिथे राहते तिथली ती कधीच नाही, कायम दुसऱ्या गावची. आजोबांना मात्र दोन्हीकडे नावानेच हाक.