लाटांचा छायाचित्रकार नागपूरकरांना कसा समजावून सांगावा?

प्रश्न (धरमपेठ):
आमच्या छायाचित्रण मंडळात मला लीरॉय ग्रॅनिस यांच्या कामावर बोलायचे आहे. १९६०च्या दशकातील कॅलिफोर्निया व हवाई येथील सर्फिंगची, म्हणजे फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होण्याच्या खेळाची, त्यांची छायाचित्रे मला फार आवडतात. परंतु ज्यांचा समुद्राशी संबंध गणपतीपुळ्याच्या सहलीपुरता आला, त्या आपल्या श्रोत्यांना हे केवळ धाडसी खेळाचे चित्रण वाटेल, अशी धास्ती आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर (महाल):
माणसापासून करावी. १९१७ मध्ये कॅलिफोर्नियातील हर्मोसा बीच येथे जन्मलेले ग्रॅनिस पोरवयापासून लाटांवर स्वार होत होते, टेलिफोन कंपनीत नोकरी करत होते आणि कॅमेरा त्यांनी गांभीर्याने हाती घेतला तो चाळिशी उलटल्यावर, अल्सरमुळे डॉक्टरांनी एखादा छंद जोपासण्याचा सल्ला दिला म्हणून. लाट कोठे फुटणार, हे त्यांना कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. रोल संपला की किनारा गाठावा लागू नये, यासाठी त्यांनी पाण्यातच फिल्म बदलता येईल अशी जलरोधक पेटी तयार केली. हा तपशील अवश्य सांगा.

उत्तर (प्रतापनगर):
पेटीचे कौतुक मलाही आहे, पण पहिले चित्र लाटेचे दाखवू नका. टपावर फळ्या लादलेल्या मोटारी, वाळूत ताटकळणारी पोरे, स्पर्धा पाहायला लोटलेली गर्दी, हे सारे त्यांनी तितक्याच आस्थेने टिपले आहे. १९६४ मध्ये त्यांच्या सहभागाने सर्फिंगचे एक नियतकालिक सुरू झाले, आणि अशा नियतकालिकांमुळेच ही जीवनशैली समुद्रापासून दूर राहणाऱ्यांपर्यंतही पोहोचली. आपल्या फुटाळा तलावावर संध्याकाळी पाण्याकडे पाहणारे थोडे आणि एकमेकांकडे पाहणारेच अधिक असतात. श्रोत्यांना तेथून कॅलिफोर्निया दूर वाटणार नाही.

उत्तर (सदर):
तुलनेसाठी अमेरिकी छायाचित्रकार जोनी स्टर्नबाख यांचे काम जोडावे. त्या सर्फर मंडळींना किनाऱ्यावर स्थिर उभे करतात आणि १८५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओल्या कोलोडियनच्या (चिकट रसायनाचा लेप ओला असतानाच चित्र घेण्याच्या) पद्धतीने धातूच्या पत्र्यावर त्यांची प्रतिमा घेतात. लेप वाळण्यापूर्वीच सर्व प्रक्रिया उरकावी लागत असल्याने अंधारखोली किनाऱ्यावरच थाटावी लागते. (आपल्या मे महिन्यात हा प्रयोग कोणी करू नये.)

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आरंभ मोटारी आणि गर्दीपासून करतो, पेटी त्यानंतर. फुटाळ्याची दोन-तीन छायाचित्रे मात्र मला स्वतःच काढावी लागतील. रविवारी सायंकाळी कोणी सोबत येणार का?