मदत हवी आहे : पिनोकिओ दाखवल्यावर पोरांशी काय बोलू?

राम राम मंडळी, मी चाळीसगाव तालुक्यात शिकवतो, पाचवी-सहावीची पोरं आहेत, आणि दिवाळीआधी त्यांना १९४० चा डिस्नेचा पिनोकिओ, म्हणजे त्या लाकडी बाहुल्याचा कार्टून पिक्चर, दाखवायचा विचार आहे. लहानपणी आपल्याला खोटं बोललं की त्याचं नाक लांब होतं तेवढंच आठवतं ना, पण आता परत पाहिला तर तो प्लेझर आयलंड नावाच्या बेटाचा भाग फार अंगावर आला. एक गाडीवाला शाळा बुडवणाऱ्या पोरांना मजेचं आमिष दाखवून नेतो, तिथं त्यांची गाढवं होतात आणि मग खोक्यात भरून मिठाच्या खाणीत नाहीतर सर्कशीला विकतात. पिनोकिओ तेवढा निसटतो, बाकीच्या पोरांना सोडवायला शेवटपर्यंत कोणीच जात नाही! ही सरळ बालमजुरीच आहे, आणि मला वाटतं सगळ्या पिक्चरमधली सगळ्यात खरी गोष्ट तीच आहे.

आता माझी अडचण अशी की वर्गातली काही पोरं दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला जातात, काही कापूस वेचायला जातात, म्हणून "शाळा बुडवली की गाढव होतं" असा अर्थ त्यांनी घेतला तर ते मला अजिबात चालणार नाही, त्यात त्यांचा काय दोष?

कोणी असा पिक्चर दाखवून पोरांशी बोललंय का? तो सीन मध्येच थांबवून बोलावं की पूर्ण झाल्यावर? कोणते प्रश्न विचारले म्हणजे पोरं त्या गाडीवाल्याबद्दल बोलतील, स्वतःला दोष देणार नाहीत? अहिराणीत गप्पा घेतल्या तर जास्त मोकळी होतील का? प्लीज सांगा.