इथिओपियातला मलेरिया: बाहेरनं एवढी मदत जाऊनही हटत का नाही?

मिरजकर_ताई
माझा धाकटा भाऊ लॅब टेक्निशियन आहे, पुढच्या महिन्यात इथिओपियात डिरे दावाला मलेरियाच्या प्रोजेक्टवर चाललाय. आई घाबरलीय तो भाग वेगळा, पण मला खरंच विचारायचंय, ग्लोबल फंड (एड्स, टीबी, मलेरियासाठी देशांना पैसा देणारी जागतिक संस्था) २००२ पासून आहे, मच्छरदाण्या, तपासणीची किट, गोळ्या सगळं जातंय, तरी तिथला ताप का जात नाही? आणि आपल्या सांगलीकडं एवढा कमी झाला तो कसा?

वारणाकाठ
ताई, डिरे दावाची गोष्ट जरा वेगळी आहे. तिथं २०२२ ला साथ आली त्यात अ‍ॅनोफिलिस स्टेफेन्सी सापडला, म्हणजे आपल्याकडचा शहरातला डास. आफ्रिकेत तो २०१२ ला शेजारच्या जिबुती देशात पहिल्यांदा दिसला, त्या वर्षी तिथं मलेरियाचे पेशंट होते २७ आणि २०२० ला ७० हजारांच्या वर!! तिथला जुना डास पावसाच्या डबक्यात वाढतो, हा टाकीत, बॅरलमध्ये, हौदात, बारा महिने. शिवाय माणूस मच्छरदाणीत शिरायच्या आधी संध्याकाळीच चावतो. मच्छरदाणी हवीच, पण नुसत्या तिच्यावर भागणार नाही.

तासगावचे_काका
हिवताप विभागात नोकरी झाली माझी. ताप आलेल्या प्रत्येकाच्या बोटातनं रक्त घ्यायचं, काचपट्टी करायची, भिंतीवर तारीख टाकून पुढच्या घरी. कोरडा दिवस (आठवड्यातनं एकदा पाण्याची भांडी रिकामी करायची), अबेट (अळी मारायचं औषध), अळ्या खाणारे गप्पी मासे, हेच आयुष्यभर केलं. आपल्यालाही बाहेरची मदत होतीच की, १९५३ ला देशाचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा डीडीटी (डास मारायची पावडर) अमेरिकेकडनं आली होती. १९६५ पर्यंत पेशंट लाखभरावर आले, मग लक्ष ढिलं पडलं, डास डीडीटीला दाद देईनात, आणि १९७६ ला देशात ६४ लाख. पोराला सांगा, पेशंट कमी दिसले की फिरणं थांबवू नका.

कराड_सिस्टर
काकांशी सहमत. इथिओपियानं २००३ पासून गावोगावी आरोग्यसेविका नेमल्यात, आपल्या आशाताईंसारख्या, पण त्यांना सरकारी पगार आहे आणि मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. जानेवारी २०२५ ला अमेरिकेनं परदेशी मदत एकदम रोखली तेव्हा किट-गोळ्यांचा प्रश्न कितीतरी देशांत उभा राहिला, पण दारात जाणारी बाई तिथलीच असली तर निदान ताप आलेलं पोर तिच्या नजरेतनं सुटत नाही. भावानं जाण्याआधी प्रतिबंधक गोळ्यांचं डॉक्टरांना नक्की विचारावं.

मिरजकर_ताई
सगळं त्याला वाचून दाखवलं, आईनंही ऐकलं. काका, तो विचारतोय, टाकीत अळी दिसली तर ती मलेरियाच्या डासाची कशी ओळखायची?

तासगावचे_काका
सोपं आहे. पाण्यावर आडवी, सपाट पडलेली असेल तर मलेरियावाली. डोकं खाली करून तिरकी लोंबत असेल तर डेंग्यूच्या नाहीतर साध्या डासाची. बॅटरी मारून बघायचं आणि गडबड करायची नाही, सावली पडली की खाली पळतात.