हळद दुधात वर पिवळी कड, तळाला कण, रंगही उडतोय. इमल्शन (तेलाचे बारीक थेंब पाण्यात मिसळून) करून सुटेल का?

सांगलीकर_डेअरी:
नमस्कार मंडळी, सांगलीजवळ आमची छोटी डेअरी आहे, फ्लेवर्ड मिल्क बरीच वर्षं करतोय, आता हळद दूध काढलंय. हळद इथलीच, 2018 ला सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक ओळखीचा टॅग) मिळालाय त्यामुळे गिऱ्हाइकाला नावाचं आकर्षण आहेच. पण नुसती पावडर टाकली की तळाला गाळ बसतो आणि पिताना खरखरीत लागतं, म्हणून 95 टक्केवालं कर्क्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) घेतलं, 200 मिलीच्या काचेच्या बाटलीत 100 मिलिग्रॅम. दूध 3 टक्के फॅटचं, होमोजिनाइज करून (फॅटचे थेंब दाबाखाली बारीक फोडून) बाटलीतच स्टरलाइज करतो. आता होतंय असं की काही दिवसांनी गळ्याशी पिवळी कड दिसते, तळाला बारीक केशरी कण, आणि दुकानातल्या काचेच्या फ्रिजमध्ये पुढच्या रांगेतल्या बाटल्या फिक्या पडतात, मागच्या बऱ्या असतात. एका सप्लायरने सांगितलं की नॅनोइमल्शन (अतिबारीक थेंबांचं इमल्शन) घ्या, सगळं सुटेल. भाव ऐकून गप्प बसलो. खरंच सुटतं का, आणि आपल्या आपण करता येईल का?

केसिन_काका:
दादा, तुम्ही लिहिलेत ते तीन वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत आणि नॅनोइमल्शन तिन्हींवर औषध नाही, म्हणून पैसे घालायच्या आधी जरा थांबा.

आधी तळाचे कण. हिशोब करून बघा, 200 मिलीत 3 टक्के म्हणजे साधारण 6 ग्रॅम फॅट. त्यात 100 मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमला 16 च्या वर झालं. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही आणि तेलातसुद्धा ग्रॅममागे मोजकेच मिलिग्रॅम विरघळतं. थोडं कर्क्युमिन दुधातलं प्रोटीन केसिन धरून ठेवतं, ते त्याला चांगलं चिकटतं, पण बाकीचं जाणार कुठे? गरम असताना विरघळल्यासारखं वाटतं, गार झालं की स्फटिक होऊन खाली बसतं. एक थेंब स्लाइडवर घेऊन साध्या मायक्रोस्कोपखाली बघा, सुईसारखे किंवा टोकदार तुकडे दिसले तर हेच. जे विरघळलेलंच नाही ते होमोजिनायझरमधून कितीही वेळा काढा, स्फटिक बारीक होतील फक्त, इमल्शनच्या थेंबात जाणार नाहीत. माझं मत स्पष्ट आहे, पहिल्यांदा डोस खाली आणा, बाटलीला 20-25 मिलिग्रॅम. रंग तेवढ्यातही छान येतो.

वरची कड म्हणजे क्रीमिंग, फॅटचे थेंब मोठे राहिलेत. थेंबाची त्रिज्या निम्मी केली की वर चढण्याचा वेग एक चतुर्थांश होतो, त्यामुळे इथे मात्र होमोजिनायझर कामाचा. प्रेशर किती ठेवता? दोन स्टेजचं आहे का? दुसरी स्टेज नसेल तर फुटलेले थेंब परत घोसाने चिकटतात आणि मग घोस पटकन वर येतो.

लॅबवाली:
काकांशी सहमत. फिकं पडण्याबद्दल मी लिहिते कारण माझं काम त्यावरच चाललंय. पुढची रांग फिकी आणि मागची बरी म्हणजे उजेड, दुसरं काही शोधायची गरज नाही. कर्क्युमिन उजेडाने तुटतं आणि दुधात तर रायबोफ्लेविन (व्हिटॅमिन बी2) असतंच, ते निळा उजेड शोषून ऑक्सिजनला आणखी आक्रमक करतं, दुधाला जो उजेडाचा वास लागतो तोही त्यानेच. इमल्शनचा थेंब म्हणजे तेल, तेलातून उजेड आरपार जातो, त्यामुळे एन्कॅप्सुलेशन (कर्क्युमिन थेंबात कोंडणं) केलं तरी पारदर्शक काचेत रंग उडणारच, फार तर थोडा उशिरा. फुल स्लीव्ह लावा किंवा अपारदर्शक बाटली घ्या. खात्री करायची तर एकाच बॅचच्या काही बाटल्या अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून त्याच फ्रिजमध्ये त्याच रांगेत ठेवा आणि शेजारी उघड्या ठेवा.

एक विचारते, स्टरलाइज करताना दूध फाटू नये म्हणून डायसोडियम फॉस्फेट वगैरे टाकता का? त्याने पीएच (आंबट-अल्कलीपणाचं माप) वर सरकतो आणि कर्क्युमिनला तेच नको असतं. पीएच 7.2 च्या साध्या बफरमध्ये 37 डिग्रीला अर्ध्या तासात 90 टक्के कर्क्युमिन संपलेलं आहे अभ्यासात. दुधात केसिन आणि फॅट सांभाळतात म्हणून इतकं वाईट होत नाही, पण पीएच 6.6 च्या आसपासच ठेवा. हळदीत चुना घातला की कुंकवाचा लाल येतो ना, अल्कली लागली की हळद कशी बदलते हे आपल्या घरात सगळ्यांनी बघितलंय.

सांगलीकर_डेअरी:
काका, ताई, दोघांचे आभार. होमोजिनायझर दोन स्टेजचा आहे पण दुसरी स्टेज आम्ही वापरतच नाही, पहिलीला 2000 पीएसआय. फॉस्फेट टाकतो, पीएच त्यानंतर मोजलेला नाही. पण मग इमल्शन करायचंच नाही का? डोस कमी करून बाटलीवर काय सांगू, लोक कर्क्युमिन म्हणूनच घेतात.

घाटमाथा:
मिरं घाला की! 1998 मध्ये बंगळुरूच्या अभ्यासात 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पिपरिन (मिऱ्यातलं तिखट द्रव्य) दिलं तर रक्तातलं कर्क्युमिन खूप वाढलं, 2000 टक्के. आजीपण हळद दुधात मिरं घालायचीच.

केसिन_काका:
घाटमाथा, ते खरं आहे पण ते पोटात गेल्यानंतरचं. पिपरिन शरीरात कर्क्युमिनची विल्हेवाट लावणारी यंत्रणा मंद करतं, बाटलीतला रंग आणि कण यांना त्याचा काही उपयोग नाही. शिवाय तीच यंत्रणा बऱ्याच औषधांचीही विल्हेवाट लावते, त्यामुळे रोजच्या दुधात शुद्ध पिपरिन घालणं मला पटत नाही. चिमूटभर मिरेपूड चवीला घाला, हरकत नाही.

दादा, इमल्शन कराच, पण योग्य कारणासाठी. आधी एमसीटी तेल (मध्यम लांबीच्या फॅटी अॅसिडचं तेल) कोमट करा, 60-70 डिग्री, त्यात कर्क्युमिन ढवळत ठेवा आणि अंधारात टॉर्च मारून बघा, चमचमणारे कण दिसले तर अजून विरघळलेलं नाही. विरघळेल तेवढंच घ्या, उरलेलं गाळून टाका. एमसीटीत साध्या तेलापेक्षा जास्त विरघळतं म्हणून ते. दुसरीकडे कोमट पाण्यात सोडियम केसिनेट (केसिनचं पाण्यात मिसळणारं रूप) भिजवून घ्या, तेल बारीक धारेने हाय शीअर (जोरात फिरून थेंब फोडणाऱ्या) मिक्सरखाली सोडा, मग होमोजिनायझरमधून दोन-तीन वेळा, पहिली स्टेज 2500 आणि दुसरी 500. हे कॉन्सन्ट्रेट दुधात मिसळा आणि मगच बाटल्या भरा. नॅनो वगैरे लागत नाही. थेंब जितके बारीक तितकं पृष्ठफळ जास्त, आणि ऑक्सिडेशन पृष्ठभागावरच होतं, म्हणजे उगाच बारीक केलेलंही नडतं.

बाटलीवर उगाच मोठा आकडा टाकू नका. जेईसीएफएने (डब्ल्यूएचओ आणि एफएओची अन्नातल्या अॅडिटिव्हची तज्ज्ञ समिती) कर्क्युमिनची रोजची मर्यादा शरीराच्या किलोमागे 3 मिलिग्रॅमपर्यंत ठेवलीय, 15 किलोच्या पोराला 45 झाली. तुमची 100 मिलिग्रॅमची बाटली लहान मुलं रोज पिणार असतील तर तसाही डोस कमी करायलाच हवा.

लस्सीप्रेमी:
मध्येच विचारतो, हेच मी मसाला ताकात करू शकतो का? आणि थोडं लोह पण टाकायचं डोक्यात आहे, दोन्ही फायदे एकत्र.

लॅबवाली:
ताकात केसिनेट चालणार नाही. ताकाचा पीएच 4.5 च्या आसपास आणि केसिनचा विद्युतभार शून्य होतो 4.6 ला, थेंब एकमेकांना ढकलायचे थांबतात आणि गुठळ्या होतात. गंमत अशी की कर्क्युमिन स्वतः आंबट पीएचला जास्त टिकतं, फक्त त्याला धरून ठेवणारं बदलायला हवं. गम अरेबिक (बाभळीच्या जातीचा डिंक) बघा, तो आंबटात टिकतो, पण मात्रा बरीच लागते.

लोह मात्र एकत्र नकोच. कर्क्युमिन लोहाला धरतं आणि रंग काळपट होतो, आणि लोह फॅटच्या ऑक्सिडेशनला पेटवतं ते वेगळंच. त्यातून दुधाच्या पीएचला केसिनेटचे थेंब निगेटिव्ह असतात, लोह सरळ त्यांच्याकडे ओढलं जातं. यात व्हिटॅमिन सी टाकून ऑक्सिडेशनपासून वाचवू असं काही जण करतात, लोह असेल तर ते उलटं पडू शकतं.

सांगलीकर_डेअरी:
ठरलं, डोस 25, दुसरी स्टेज चालू, फॉस्फेट कमी करून पीएच मोजणार, आणि फॉइलवाल्या बाटल्या उद्याच ठेवतो. ताई, रंग किती उडाला हे डोळ्यापेक्षा नीट कसं मोजू? एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारं लॅबचं यंत्र) आमच्याकडे नाही.

लॅबवाली:
जवळच्या कॉलेजात स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती उजेड शोषतं ते मोजणारं यंत्र) नक्की मिळेल. दूध थोडं घ्या, त्यात भरपूर इथेनॉल घालून प्रोटीन खाली बसू द्या, वरचं स्वच्छ द्रावण गाळून 425 नॅनोमीटरला बघा. कर्क्युमिन न टाकलेलं तेच दूध ब्लँक (तुलनेचा शून्य नमुना) म्हणून घ्या, तेही तसंच स्टरलाइज केलेलं, नाहीतर दूध तापल्याचा तपकिरी रंग तुमच्या आकड्यात मिसळेल. नमुने काढल्यावर लगेच अंधारात ठेवा. आकडे आले की इथे टाका, फॉइल आणि उघडी दोन्ही.